परतीच्या वाटेवरचं गवत

कडुनिंबाला मोहोर आला की लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं. मला तो नकोसा होतो. आमच्या इंदिरानगरात रस्त्याच्या कडेला कडुनिंब आहेत. मार्च सरता सरता ती बारीक पांढरी फुलं गाड्यांच्या सीटवर, ओट्यांवर, माझ्या शिडीच्या पायऱ्यांवर सांडायला लागतात आणि त्याच सुमाराला गच्च्यांवर पोरं पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालायला लागतात. एका गच्चीवर कुरडया वाळत असतात, दुसऱ्या गच्चीवर कोणीतरी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणावेत तशा व्याख्या म्हणत असतं. द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो, हातगाडीवरचे घड थोडे सुरकुतलेले पण साखरेसारखे गोड असतात. परीक्षा आली हे मला कॅलेंडर बघून कळत नाही, असं कळतं.

पंचवीस वर्षं झाली मला या भागात केबल चालवून. पूर्वी परीक्षेच्या दिवसांत आमची चंगळ असायची. आया स्वतः ऑफिसात येऊन सांगायच्या, "दादा, महिनाभर आमची केबल कापून टाका, पोरगा दहावीला आहे." मी म्हणायचो, "वहिनी, केबल कापून पोरं पास झाली असती, तर मी क्लासच नसता काढला?" त्या हसायच्या, मी कापायचो. मग आठ दिवसांनी त्याच वहिनी हळूच यायच्या, "दादा, दुपारची तेवढी मालिका दिसेल असं काही करता येईल का हो?" त्या काळात एवढंच होतं. चित्र नीट दिसलं की गिऱ्हाईक खूश, आणि मी राजा.

यंदा आम्ही जुन्या काळ्या वायरी उतरवतोय. सगळीकडे काचेची तार आली. केसाएवढी तार, पण ती मिक्सर ऐकत नाही, फ्रीज ऐकत नाही, कोणाचंच काही ऐकत नाही. चांगली आहे. मी खाली उभा राहून वायरीची वेटोळी करतो आणि वर शिडीवर बाळू असतो. बाळू माझा लाइनमन, सायखेड्याचा. माझ्याकडे आला तेव्हा मिशी काळी होती, आता पार पिकली. परवा खांबावरून त्याने विचारलं, "दादा, ह्या टोप्यांचं काय करू? लय हायेत." आणि मूठभर टोप्या माझ्या ओंजळीत टाकल्या.

टोपी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खांबावर आमची एक पत्र्याची डबी असते. तिला चार नाहीतर आठ तोंडं असतात. एकेका तोंडातून एकेका घराला वायर जाते. जे तोंड रिकामं राहील त्यावर पितळेचं एक बोंडूक फिरवून बसवायचं असतं, आत एवढासा रोधक असतो. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, पण बाळूने पहिल्या दिवशीच त्याची टोपी करून टाकली. रिकामं तोंड उघडं ठेवायचं नाही. कोणाचं कनेक्शन बंद झालं की वायर मुळापासून काढायची आणि टोपी घालायची. आमच्या धंद्यातलं हे पहिलं शास्त्र.

एकदा एका निवृत्त मास्तरांच्या दारात मी उभा होतो आणि बाळू वरून ओरडला, "दादा, ह्या घराला टोपी घालू का?" मास्तर ताडकन उठले. "काय म्हणाला तो? टोपी घालू का? दिवसाढवळ्या? आणि तेही विचारून?" मी समजावता समजावता हसून बेजार. पुढे कित्येक महिने मास्तर मला रस्त्यात गाठून विचारायचे, "काय, आज कोणाला टोपी घातली?" मी म्हणायचो, "मास्तर, अजून बोहनी व्हायची आहे." आता मास्तर नाहीत, आणि असले विनोद मला आवडेनासे झालेत.

ज्या वर्षी सगळ्या परीक्षा घरात बसून झाल्या, ते वर्ष मला आठवतं. आठवतं म्हणजे काय, दर मोहोराला येतंच ते. रस्ते ओस, रसवंतीचं चाक बंद, नाक्यावर पोलीस, तोंडाला कापड. घराघरांत पोरं टेबलाशी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेली, खाली हाफ पँट. समोर लॅपटॉप नाहीतर मोबाइल, कॅमेरा चालू. कॅमेऱ्यातून पोरगं दिसलं पाहिजे, दिसायचं थांबलं की पेपर अडकला. आया दबक्या पावलांनी चालायच्या. कुकरची शिट्टीसुद्धा पेपर सुटेपर्यंत थोपवून धरायच्या. एका घरात तर पोपटाचा पिंजरा बाथरूममध्ये ठेवलेला मी पाहिलाय.

आणि या सगळ्याचा भार माझ्या वायरीवर होता. ही वायर मुळात एकाच बाजूने बोलायला घातलेली. ऑफिसातून घराकडे चित्र सोडायचं, घरानं मुकाट बघायचं, संपलं. नंतर याच वायरीतून इंटरनेट आलं आणि घरं उलट बोलायला लागली. जाण्याच्या वाटेवर काही अडचण नसते, एकाचे अनेक होत जातात. परतीच्या वाटेवर सगळ्या घरांचं एकत्र येतं. नासर्डी नदीला जसा दर गल्लीचा नाला मिळतो तसं. पोरांची उत्तरं येतात आणि त्यांच्याबरोबर सैल जोडांतून, तुटक्या टोकांतून कोणाच्या मिक्सरची घरघर, कोणाच्या ट्यूबलाइटची फडफड, बाहेरून जाणाऱ्या स्कूटरची ठिणगी, सगळा कचरा. त्याला आम्ही नॉइज म्हणतो. एका घरात तो शिरला तर अख्ख्या गल्लीचं बोलणं बुडतं. आणि शिरला कुठून, ते वरून दिसत नाही, सगळं एकात एक मिसळलेलं असतं.

म्हणून तक्रार चमत्कारिक असायची. फोन घ्यायला माझी बायको मंदा बसायची. ती वहीत लिहायची आणि मला वाचून दाखवायची, "अहो, सगळ्यांचं एकच गाणं आहे. टीव्ही मस्त, व्हिडिओ मस्त, सगळं येतंय. आमचं तेवढं तिकडे पोचत नाही." एक बाई फोनवर रडायला लागली, "ताई, माझा मुलगा बोलतोय बोलतोय आणि सर म्हणतात तू गप्प का?" मंदाने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

ज्या कंपनीचं इंटरनेट आम्ही पुरवतो तिच्या वरच्या ऑफिसने आम्हाला कॉम्प्युटरवर एक चित्र दिलं होतं. परतीच्या वाटेवरचा नॉइज त्यात हिरव्या तुऱ्यांसारखा उगवलेला दिसतो, म्हणून त्याला आम्ही गवत म्हणतो. गवत जमिनीसरपट असलं तर बरं. त्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमाराला, बरोबर पेपरच्या वेळेला, ते गुडघ्याएवढं वाढायचं. मी वर फोन लावला. तिथला इंजिनिअर भला माणूस होता. म्हणाला, "मामा, बाजाराच्या गोंगाटात तुम्ही भराभर बोललात तर समोरच्याला कळेल का? मग सावकाश बोला. तुमच्या गल्लीतल्या घरांची मोडेमं मी सावकाश बोलायला लावतो. वेग कमी होईल, पण शब्द पोचेल." त्याने तसं केलं आणि दोन दिवस खरंच जरा बरं गेलं. मग गवत आणखी वाढलं आणि सावकाश बोललेलंही बुडायला लागलं. तो म्हणाला, "आता माझ्या हातात नाही. मूळ शोधा."

मूळ शोधायचं म्हणजे एकेक फांदी तोडून बघायची. या गल्लीची वायर काढ, गवत खाली बसलं का बघ. नाही? लाव परत, पुढची काढ. पण प्रत्येक फांदीवर दहा-बारा घरं, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी कॅमेऱ्यासमोर. पेपरच्या वेळेत काढायची तर शिव्या, आणि पेपरच्या वेळेशिवाय गवत वाढतच नव्हतं. बाळू वर चढू लागला की खिडक्यांतून आवाज यायचे, "काका, प्लीज, आत्ता नको!" खांबावर बाळू, खाली मी, आणि ऑफिसात कॉम्प्युटरपुढे मंदा फोन कानाला लावून, "हालू नका, थोडं बसलं... नाही, परत उठलं!" असे आठ दिवस. घामाने तोंडावरचं कापड भिजून जायचं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी चामडी सोलणं चालू होतं. कोणी लिहिलं, केबलवाल्याने पोरांच्या भविष्याशी खेळ मांडलाय. मला झोप नव्हती की नीट अन्न नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बरं, सांगतोय थोडं सबब म्हणूनही.

नवव्या दिवशी मागच्या गल्लीची फांदी काढली आणि गवत भुईसपाट झालं. बाळू वरूनच ओरडला, "घावलं दादा!" त्या फांदीवर तळमजल्यावर निर्मलाताई राहायच्या. अजूनही राहतात. मूळच्या मनमाडच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर मुलीला घेऊन इकडे आल्या. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवतात. हात असा, की फाटलेल्याचा जोड दाखवून द्या म्हटलं तर दाखवता यायचा नाही. मुलगी प्राजक्ता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आत खिडकीशी शिलाई मशीन, त्याला मोटर लावलेली. स्वयंपाक उरकून ताई रोज अकराच्या सुमाराला त्यावर बसायच्या, आणि आत्ताही ते घर्रर्र करत चाललेलं.

मी वायर परत लावायला सांगितली आणि म्हटलं, "ताई, जरा मशीन बंद करा." बंद केलं. मंदाचा फोन, "बसलं!" "चालू करा." "उठलं!" तीनदा करून पाहिलं. अहाहा, काय आनंद झाला मला. चोर पकडल्यासारखा. तोवर गल्लीतले चार-पाच जण तोंडं बांधून गेटापाशी जमलेच होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ताई, तुमच्या मशीनपायी सगळी गल्ली बंद पडतीय. पोरांचे पेपर चाललेत इथे."

निर्मलाताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. कैची हातातच होती. म्हणाल्या, "अहो पण दादा, मशीन माझं सात वर्षं झाली चालू आहे. तेव्हा नाही काही झालं?"

प्रश्न नेमका होता. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात तोच प्रश्न. जुनं काय आहे ते सोड, नवीन काय झालं ते बघ. मला तो ऐकूच गेला नाही. मी म्हणालो, "आता मी तुम्हाला विज्ञान शिकवत बसू का?" आणि बाळूला सांगून खांबावरून त्यांची वायर काढली, दोन दिवसांपुरती. त्या म्हणाल्या, "दादा, प्राजक्ताचा उद्या पेपर आहे." मी म्हणालो, "मोबाइलवर द्यायला सांगा. बाकीची शंभर पोरं काय वाऱ्यावर सोडू?" प्राजक्ता आतल्या दारात उभी होती.

त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत मोबाइलला रेंज धड यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी रिक्षा शोधून उपनगर भागात मावशीकडे निघाल्या. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, कागद दाखवा, कशाला चाललात, परत फिरा. पोचल्या तेव्हा पेपर उघडायची वेळ टळून गेली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि गवत शांत होतं, सगळा वेळ शांत. शांत असणारच, घराला कुलूप होतं, मशीन चालवणार कोण? पण मला वाटलं, वायर काढली म्हणून शांत. मी ग्रुपवर लिहिलं, "समस्या सुटली आहे. शिलाई मशीनच्या मोटरमुळे अडथळा येत होता. सहकार्याबद्दल धन्यवाद." खाली दोन हात जोडले. पटापट अंगठे आले. कोणी लिहिलं, वा काका. गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तिसऱ्या दिवशी अकराला गवत पुन्हा उठलं.

मी पळत गेलो. मशीन चालू होतं. पण वायर तर त्यांची काढलेली होती! जी वायर जोडलेलीच नाही तिच्यातून काय शिरणार, कपाळ? मी भिंतीवरून वर वर नजर नेली आणि मला दुसरी वायर दिसली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू महिन्याभरापूर्वी घर सोडून गेला होता. त्याचा मोडेम मीच काढून आणला होता. बाळू तेव्हा गावी गेलेला, माझा गुडघा दुखत होता, खांबावर कोण चढतं, शिवाय नवा भाडेकरू आला की हीच वायर परत लागेल. म्हणून मी ती घराच्या टोकाला कापली, खाली सोडली आणि लोंबायला नको म्हणून वेटोळं करून निर्मलाताईंच्या खिडकीच्या गजाला अडकवली. दुसरं टोक वर डबीत तसंच जिवंत. टोपी नाही. उघड्या तोंडाची वायर मशीनच्या मोटरपासून हातभर अंतरावर, अख्ख्या गल्लीच्या परतीच्या वाटेला जोडलेली. मोटरी सगळ्यांच्याच घरात असतात आणि घरघरतातच. त्यांची घरघर वायरीत शिरायला भोक लागतं, ते मी ठेवलं होतं.

गुडघा तसाच ओढत वर चढलो, वायर काढली, टोपी घातली, घट्ट पिळली. खाली मशीन जोरात चालू होतं. मंदा फोनवर म्हणाली, "बसलं हो, पार चटईसारखं. काय केलंत?" मी म्हणालो, "जोड घट्ट केला." बाळू खाली त्या वायरीचं टोक हातात घेऊन बघत होता. "कोणाची व्हती, दादा?" "जुनी आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळायला लागला.

ताईंचं कनेक्शन मी तिथल्या तिथे जोडून दिलं. त्याच संध्याकाळी त्या गेटापाशी आल्या. म्हणाल्या, "दादा, मोटर काढून टाकली मी. आता पायानं चालवते. आता नाही ना कोणाला त्रास?"

मी म्हणालो, "नाही."

तेवढंच म्हणालो मी. एक शब्द. पुढचं वाक्य जिभेवर होतं, ते गिळलं. ग्रुपवर काय तोंड दाखवू, लोक दुसऱ्याचं कनेक्शन घेतील, पंचवीस घरं जरी गेली तरी धंदा बसतो, असलं काहीबाही डोक्यात होतं. म्हटलं, परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू. परीक्षा झाल्या. मग म्हटलं, निकाल लागू दे. निकालात प्राजक्ताच्या नावापुढे त्या विषयात गैरहजर लागलं आणि वर्ष गेलं. ज्या कंपनीत तिची निवड व्हायची होती तिथे बाकीची मुलं गेली. मग तर सांगायचं तोंडच राहिलं नाही.

त्या पावसाळ्यात एकदा मी त्यांच्या शेजारच्या घरात काम करत होतो. खिडकीतून प्राजक्ताचा आवाज आला, "तुझ्या त्या मशीनपायी गेलं माझं वर्ष, आई. आता मला काही शिकवू नकोस." त्यावर निर्मलाताई म्हणाल्या, "हो गं बाई. चुकलंच माझं." मी पक्कड तिथेच ठेवून निघून आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन आणली.

प्राजक्ताने पुढच्या वर्षी पेपर काढला. पुण्यात नोकरीला लागली. दिवाळीला येते, दोन दिवस राहते. शेजारणी विचारतात तेव्हा ताई म्हणतात, "तिला सवड नसते हो." आणि पायमशीन चालवतात. खट खट, खट खट. मोटरचा आवाज एकसुरी असतो, ऐकू येत येत नाहीसा होतो. पायाचा तसा होत नाही. थांबतो, गुडघा चोळला जातो, परत सुरू होतो. त्या गल्लीतून जायचं मी टाळतो, आणि ती माझ्याच कनेक्शनांची गल्ली. हसायचं की रडायचं?

मंदाला मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती तेव्हाही म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा." मग दर मोहोराला म्हणते. कधी चिडून, "लोकांच्या घरातला नॉइज हुडकत फिरता, आपल्या घरातला कोणी काढायचा?" कधी नुसतीच, "अहो, सांगून मोकळे व्हा." मी म्हणतो, "आता काय उपयोग?" ती म्हणते, "तुमच्या उपयोगाचं कोण बोलतंय?" तिच्याशी बोलण्यात जिंकणं माझ्या नशिबात नाही. गेल्या वर्षी तर तिने तिचे ब्लाउज निर्मलाताईंकडे टाकणं बंद केलं. म्हणाली, त्यांच्यासमोर माप द्यायला उभी राहिले की माझी मान वर होत नाही. पाप माझं, मान हिची खाली.

परवा त्या मागच्या गल्लीच्या वायरी उतरवायची पाळी आली. मी बाळूला म्हटलं, तू एकटा जा. तो गेला आणि तासाभराने परत आला, तसाच, काम न करता. म्हणाला, "दादा, एक बोलू? त्या डबीचं काम मी नाय करणार. ती टोपी तुमी चढवलेली हाय, तुमीच उतरवा." पाच वर्षांत त्या विषयावर तो बोललेला हा पहिला शब्द. मी खवळलो, "तू मला शिकवतो?" तो म्हणाला, "नाय. पर मलाबी पोरगी हाय." आणि बिडी काढून कडुनिंबाखाली जाऊन बसला.

मी गेलो. दुपारचे चार वाजले असतील. ऊन भिंतीवरून उतरत होतं. मशीन थांबलेलं होतं. निर्मलाताई खुर्चीवर पाय लांब करून, गुडघ्याला पट्टा आवळत बसल्या होत्या. समोर शाळेच्या गणवेशांची चळत. म्हणाल्या, "या दादा. आता काचेची वायर येणार म्हणे? मला काय करायची, मी कोणाशी बोलणार?" त्या पाणी आणायला उठायला लागल्या. मी म्हणालो, "ताई, बसा. पाणी नको. मला एक सांगायचंय, ते ऐकून मग पाणी द्यायचं की नाही ठरवा."

उभ्या उभ्याच सांगितलं. भाडेकरूची वायर, गजाला अडकवलेलं वेटोळं, उघडं तोंड, तिसरा दिवस. मोटर काढल्याचं सांगायला त्या गेटापाशी आल्या तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, हेही सांगितलं. म्हटलं, "ताई, तुमच्या मशीनचा काहीही दोष नव्हता. चूक माझी होती आणि मी ती तुमच्या नावावर खपवली. मी आजच ग्रुपवर लिहितो, सगळ्यांना."

त्या पट्टा आवळत होत्या ते हात थांबले होते. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चळतीतला वरचा गणवेश उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "पाच वर्षं मी तिची माफी मागतेय."

त्यांनी गणवेश बाजूला ठेवला.

"ग्रुपवर काय लिहायचं ते लिहा. आधी तिला सांगा." त्यांनी टेबलावरचा मोबाइल घेतला, बोटाने नाव शोधलं, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. रिंग वाजत होती. मी म्हणालो, "ती कामात असेल." त्या म्हणाल्या, "असू दे."

"हॅलो, आई? काय गं, या वेळेला?"

"प्राजक्ता, मी केबलवाले काका बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "काका? काय झालं? आईला काही झालं का?"

"नाही, नाही, आई बरी आहे. इथेच आहे, माझ्यासमोर. पोरी, तुझ्या त्या पेपरचं बोलायचं होतं." आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं. मध्येच मला वाटलं फोन कटला, मी दोनदा "हॅलो" म्हणालो.

"ऐकतेय," ती म्हणाली. मग, "म्हणजे आईचं मशीन नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. मनात त्यांची तयारी करूनच आलो होतो. तिने माझ्यासाठी एक शब्दही खर्च केला नाही. म्हणाली, "आईला द्या."

मी फोन दिला. निर्मलाताईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. काही क्षण त्या नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांची हनुवटी हलत होती. मग म्हणाल्या, "अगं... अगं, ऐक तर. रडू नकोस बाळा, ऑफिसात आहेस ना तू." पुन्हा ऐकलं. "हो. हो गं. मी कुठे काय म्हणतेय." मग पदराने डोळे पुसत, माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"